बारा तासाची नाईट, वरून डबल... कसं जमवता तुम्ही लोकं?

रचनावाली
नमस्कार. नागपूरच्या धंतोलीतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट) म्हणून लागून मले सात महिने झाले, मेल मेडिकल वॉर्ड. रात्री आठ ते सकाळी आठ. पण रिलीव्हर (पुढच्या पाळीवाली) नाही आली की सिस्टर म्हणते थोडं थांब ना गं, अन् ते थोडं दुपारी दोनपर्यंत जाते, म्हणजे अठरा तास. मागच्या गुरुवारी मेट्रोत असा डोळा लागला की रचना रिंग रोड स्टेशनले उतरायचं ते पार शेवटच्या लोकमान्य नगरले गार्डनं उठवलं, हसू नका. घरी आली की भांडे वाट पाहूनच राहते, सासूबाईचं औषधपाणी, झोपाले अकरा वाजते अन् उन्हानं दोनलाच जाग येते. कमर गेली, पिंडऱ्यात गोळे येते. नोकरी सोडायची नाही, पगार लागते. तुम्ही कसं करता ते सांगा, योगा करा हे सोडून.

वॉर्डातली मावशी
बाई, बारा तासानं कोणी मरत नाही, मी बावीस वर्ष काढले. तुले डबल खाऊन राहिली. पहिले ते पाहा. आठला रिलीव्हरची वाट पाहत बसशील तर तू फसलीच, कारण तवा सिस्टरपाशी दुसरं कोणी नसते. सकाळी सहालाच सांगून ठेव की रिलीव्हर आली नाही तर मी थांबणार नाही, आतापासून फोन लावा. अन् कधी थांबावंच लागलं तर किती वाजेपर्यंत थांबली ते लिहून सही घे. तोंडी थांबलेलं महिन्याच्या शेवटी कोणाले आठवत नाही, आपल्यालेच आठवते. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दवाखान्यांनाही लागते, जास्तीच्या तासाचा दुप्पट दर त्यात लिहिलेला आहे. मिळतेच असं नाही म्हणत मी, पण लिहून नसलं तर मागशील कशावर?

ब्रदर_स्टाफ
मावशी बरोबर बोलल्या. कमरेबद्दल मी सांगतो. पेशंटला काखेत हात घालून वर ओढता का तुम्ही? नव्वद टक्के लोकं तेच करतात (आकडा माझ्या मनचा आहे, पण आमच्या वॉर्डात तरी तसंच आहे). पेशंटचा खांदा दुखावतो अन् आपली कमर जाते. खाली ड्रॉशीट टाकून ठेवायची, खांद्यापासून मांडीपर्यंत, दोन बाजूनं दोघांनी गुंडाळून धरायची अन् एक दोन तीन म्हणून सरकवायचं, उचलायचं नाही. पेशंट शुद्धीवर असला तर त्याला गुडघे मोडून पायानं रेटायला सांगा, अर्धा भार तोच घेते. पुस्तकात लिहिलंय बेड कमरेएवढा वर घ्या, आता आपल्या इकडच्या क्रँकवाल्या बेडचं डोकं अन् पायच वर होते, उंची कुठली बदलते! मग पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा. बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून दर दोन तासानं कूस बदलणं आहेच, म्हणजे एका पेशंटमागे रात्रीतून सहा वेळा, दहा पेशंट असले तर करा हिशोब. एकटीनं अजिबात करू नका, वॉर्डबॉय चहाला गेला तर येऊ द्या त्याला.
पगार २१ हजारापर्यंत असेल तर स्लिपवर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कटतात का ते बघा, कटत असतील तर सोमवारीपेठच्या दवाखान्यात कमर दाखवून या, आपलेच पैसे आहेत.

नाईटवाली_मेडिकल
झोपेचं मी सांगते कारण मी त्यात पीएचडी केली आहे 😄 कुलर लावला की खिडकी उघडी पाहिजे, नाही तर नुसती दमट हवा, अन् खिडकी उघडली की उजेड. ४५ डिग्रीत हेच भांडण. मी कुलरच्या वरची फट जाड चादरीनं बंद केली अन् डोळ्यावर काळी ओढणी बांधते. शेवटचा चहा तीनच्या आत, पाचला घेतला की घरी गेल्यावर टकटक डोळे उघडे. पिंडऱ्यातल्या गोळ्यांसाठी रात्रभर पाणी पी, आपण बाथरूमले जावं लागते म्हणून पाणीच टाळतो. अन् भांडे बाई, झोपेच्या आधी नाही, नंतर.

वॉर्डातली मावशी
तीनच्या आत चहा? मग पहाटेचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) कोण घेईन, तुझी ओढणी?

नाईटवाली_मेडिकल
मावशी तुम्ही पाचला घेऊन पण झोपता, तुमचं बॅच वेगळं होतं 😂

रचनावाली
आज सहालाच सांगून ठेवलं. सिस्टरचं तोंड वाकडं झालं, पण फोन लावला तिनं अन् सव्वाआठले सुटली मी. घरी भांडे तसेच पडून होते, तशीच झोपली, सासूबाई काही बोलल्या नाही पण स्टीलच्या डब्याचा आवाज जरा जास्तच येऊन राहिला होता. साडेतीनला उठली तर अर्धे घासलेले. दोन दिवसानं परत नाईट आहे. मावशी, ते थांबल्याचं हजेरीच्याच वहीत लिहाचं की वेगळ्या कागदावर सही घ्याची? वही तर सिस्टर इंचार्जच्या कपाटात राहते.