चर्चच्या इमारतीचं नूतनीकरण आणि निधी: तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीनं चर्चची जुनी इमारत सुधारायला घेतली आहे: छत, वायरिंग, रॅम्प, स्वच्छतागृह, आवाजाची व्यवस्था. पंचकमिटीत दोन मतं पडली. काहींना आधी सगळा निधी हवा, काहींना वाटतं काम दिसल्याशिवाय कोणी देणार नाही. बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात हाच पेच आहे. पैसे याजकांकडे जात होते आणि योआश राजाच्या २३व्या वर्षापर्यंत मंदिराची दुरुस्ती झालीच नव्हती. मग यहोयादा याजकानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पैसा सुतार-गवंड्यांपर्यंत पोहोचू लागला. तुमच्याकडे निधी कसा जमला, कुठे अडला, ते मोकळेपणानं लिहा.

एका मंडळीची खजिनदार

इमारतीचा पैसा नेहमीच्या दानार्पणात मिसळू देऊ नका. खातं वेगळं, पावतीपुस्तक वेगळं. आम्ही वचनपत्रं भरून घेतली होती, म्हणजे दरमहा किती आणि कधीपर्यंत. त्यांची बेरीज पाहून कमिटीतले काहीजण लगेच कंत्राटदाराला मोठी आगाऊ रक्कम द्यायला निघाले. मी अडून बसले: हातात आलंय तेवढ्याचंच काम काढायचं. कोणाची नोकरी जाते, कोणाच्या घरात आजारपण येतं, वचन मागे पडतं. अशा माणसाला रविवारी दारात गाठून विचारणं मला पाप वाटतं.

दर महिन्याला जमाखर्च फळ्यावर लावायचे. किती जमले यापेक्षा कशावर गेले, तेच लोक थांबून वाचत. देणाऱ्यांची नावं लावावीत असा आग्रह बराच झाला, पण आम्ही लावली नाहीत. एका आजींनी रुमालाची गाठ सोडून घड्या पडलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि पावतीवर ‘एक बहीण’ एवढंच लिहायला लावलं. रकमेप्रमाणे लावलेल्या यादीत त्यांचा नंबर शेवटचा आला असता. मला ते पाहवलं नसतं.

बांधकाम समितीतून

आमच्या दगडी भिंतींना ओल होती. कंत्राटदार म्हणाला, सिमेंटचा गिलावा करून टाकू, स्वस्तात होईल. जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या वास्तुविशारदानं थांबवलं. चुन्यात बांधलेल्या भिंतीतली ओल चुन्यातूनच बाहेर पडते. वर सिमेंट चढवलं की ती आत कोंडते आणि दगड खराब होतो. शिवाय ओलीचं मूळ वर होतं, तुंबलेल्या पन्हळीत.

पण पन्हळीसाठी पैसे मागून पाहा! नव्या दिव्यांना, रंगाला लोक आनंदानं देतात. शेवटी उपासनेनंतर मंडळींना चारचार जणांच्या गटानं त्या कोपऱ्यात नेलं आणि भिंतीवर तळवा टेकवायला सांगितला. पोपडा गळून हातात यायचा, मागचा भाग गार आणि ओला. पहिल्या टप्प्याचा निधी त्यानंतर हलला. अहवाल आम्ही त्याआधीही दोनदा वाचून दाखवला होता.

बाकांच्या बाजूनं

सगळे बाक काढून खुर्च्या ठेवायचं ठरत होतं. मी विरोध केला आणि आजही करेन. माझ्या आईची जागा, तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेली कड, त्या लाकडाला धरून मी प्रार्थना शिकले. शेवटी मधले दोन बाक कापून आखूड केले. व्हीलचेअर आता वाटेत एकटी उभी राहत नाही, घरच्यांच्या शेजारी ओळीत बसते. हे मात्र मला मनापासून पटलं.

बाबांसाठी लिहितोय

बाबांना कानाचं यंत्र आहे. उंच छताच्या इमारतीत नुसते स्पीकर वाढवले की घुमणारा आवाजही वाढतो, शब्द कळत नाहीत. इंडक्शन लूप बसवा. बसायच्या जागेभोवती तार फिरवतात आणि कानाचं यंत्र ‘टी’ या सेटिंगवर ठेवलं की माइकचा आवाज थेट कानात येतो. यंत्रात ती सोय आहे का ते आधी विचारा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी यंत्र वापरणाऱ्यांनाच बसवून तपासा. रॅम्पचंही तसंच. १:१२ उतार म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट लांबी. जागा पुरत नाही म्हणून लोक तो मागच्या दाराला नेतात. तसं करू नका, वळण घ्या, पण मुख्य दारालाच करा.

महिला मंडळातून

संगीतसंध्या आणि विक्रीतून फार पैसा उभा राहिला नाही. पण कधी चर्चमध्ये न आलेले शेजारी आले आणि त्यांनी छतासाठी स्वतःहून दिलं. तेवढ्यासाठी तरी करा.

धागा सुरू करणाऱ्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं: काम चालू असताना उपासना कुठे घेतलीत?

बांधकाम समितीतून, पुन्हा

तिथेच. आधी अर्धी इमारत, मग उरलेली, मध्ये ताडपत्रीचा पडदा. शनिवारी संध्याकाळी तरुण संघ धूळ पुसायचा. बाप्तिस्मे, लग्नं काहीच थांबवलं नाही. मात्र रविवारी काम बंद आणि शनिवारी दुपारपर्यंत परांचीखालची वाट मोकळी, हे कंत्राटदाराकडून करारातच लिहून घ्या.