शर्टाच्या काखेतले पिवळे डाग: घालवायचे कसे, आणि पडूच नयेत म्हणून काय?

पांढरपेशा:
ऑफिसला पांढरे नाहीतर फिकट निळे शर्ट घालावे लागतात. कॉलर, कफ सगळं ठीक, पण काखेत पिवळा डाग. बरं, नुसता डाग नाही, तिथलं कापडच ताठ झालंय, इस्त्री फिरवली की कागदासारखं वाजतं. एक शर्ट लॉन्ड्रीवाल्याने ब्लीच मारून दिला, तर तो आधीपेक्षा जास्त पिवळा होऊन आला! रोज आंघोळ, रोज धुतलेला शर्ट, रोल-ऑनही न चुकता. मग हे येतंय कुठून? आणि गडद निळ्या शर्टावर त्याच जागी पांढरट पट्टे दिसतात, ते वेगळं प्रकरण का?

बाराखडी:
रोल-ऑनची बाटली फिरवून घटक वाचा. अ‍ॅल्युमिनियमचं काहीतरी लांबलचक नाव दिसेल. डिओडरंट फक्त वासाचा बंदोबस्त करतं. घाम अडवतं ते अँटिपर्स्पिरंट, आणि अडवण्याचं काम हे अ‍ॅल्युमिनियमचे क्षारच करतात. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून लोक गफलत करतात. तुमच्या शर्टाचा गुन्हेगार बहुधा तोच.

टाचणी:
नाटकाच्या कपडेपटात काम करते. दिव्यांच्या झोतात घामाघूम होणारी माणसं आणि लागोपाठच्या प्रयोगांना तोच कोट, त्यामुळे काखा हा आमचा रोजचा विषय. सविस्तर लिहिते.

बाराखडी म्हणतात ते बरोबर, पण अर्धं. काखेतल्या काही ग्रंथींच्या घामात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार त्यांच्याशी जुळतात आणि धाग्यात रुतून बसतात. साध्या साबणाने ते हलत नाहीत. दर धुण्यानंतर थोडं मागे उरतं, त्यावर गरम इस्त्री फिरते, म्हणजे डाग आपणच पक्का करतो. अ‍ॅल्युमिनियम नसलं तरी अंगाचं तेल जुनं होऊन पिवळं पडतंच, उशीचे अभ्रे बघा की. फक्त ते इतकं ताठ होत नाही. तुमचं कापड वाजतंय म्हणजे थर साचलाय.

क्लोरीनचं ब्लीच इथे अजिबात नको. घामातल्या प्रथिनांवर ते पडलं की पिवळेपणा वाढतो. शिवाय ‘इस्त्री लागत नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शर्टांवर जे रसायन चढवलेलं असतं, त्यातली काही क्लोरीन धरून ठेवतात आणि अख्खा शर्ट पिवळट होतो.

आता उपाय, पांढऱ्या सुती शर्टासाठी. आधी आम्ल. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व (किंवा एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरला दोन-तीन वाट्या पाणी), त्यात फक्त काखेचा भाग अर्धा तास बुडवा. क्षार सैल होतात. बोटांनी चोळून बघा, ताठपणा उतरल्याचं हाताला कळतं. मग स्वच्छ पाण्यात खळखळून धुवा. ही पायरी गाळू नका, आम्ल आणि पुढचं पेरॉक्साइड एकत्र येता कामा नये. आणि घरात ब्लीच असेल तर ते आम्लापासून चार हात लांब, विषारी वायू निघतो.

त्यानंतर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड थेंबभर, यांची सरसरीत पेस्ट. शर्ट उलटा करून आतून लावा, कारण डाग आतून बाहेर येतो. अर्धा-पाऊण तास ठेवा, मऊ ब्रशने हलकेच घासा आणि नेहमीसारखं धुवा. पेस्ट लागेल तेवढीच करा, उरलेली झाकणबंद बाटलीत भरू नका, आत वायू साचून बाटली फुटू शकते.

डाग फार जुना असेल तर ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. ४० अंशांच्या वरच्या पाण्यात ते नीट काम करतं, थंड पाण्यात आळशी असतं. चार-सहा तास भिजवा. रेशीम आणि लोकरीला मात्र यातलं काहीच नको, आणि प्रथिनं फोडणारी एन्झाइमची पावडरही नको, कारण ते धागेच प्रथिनांचे.

एक कळकळीची विनंती: डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही. ओल्यात डाग दिसत नाही, वाळल्यावर हळूच वर येतो. म्हणून वाळवा, उजेडात धरा, मगच ठरवा. नीळ घालून पांढरा दिसेल, पण निळ्या छटेने पिवळा झाकला जातो, जात नाही.

पांढरपेशा:
वा, आभार! गडद निळ्याचं राहिलं. आणि बनियन घातलं तर फरक पडतो का?

टाचणी:
निळ्याला पेरॉक्साइड लावू नका, रंग उडेल. तिथले पांढरे पट्टे म्हणजे बहुतेक वरवर साचलेली पावडर आणि मेण. भांड्याचं लिक्विड आतून चोळायचं, कोमट पाण्यात ठेवायचं, मग पातळ व्हिनेगरचं पाणी. तेही आधी आतल्या शिवणीवर लावून रंग सुटतो का बघून.

बनियन हवंच, बाह्यांचं. बिनबाह्यांचं काखेच्या कामाचं नाही. आम्ही कोटांना आतून काखेत सुती गादी टाचतो, प्रयोग झाला की ती उसवून वेगळी धुतो. कोट धुवायला टाकण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं.

बाराखडी:
अजून एक: अँटिपर्स्पिरंट सकाळी घाईत नाही, रात्री झोपताना कोरड्या काखेला लावा. रात्री घाम कमी, त्यामुळे क्षार ग्रंथींच्या तोंडाशी नीट बसतात आणि सकाळच्या आंघोळीनंतरही परिणाम टिकतो. शर्टाला लागतंही कमी. एक-दोन फटकारे पुरे, लोक भिंत रंगवल्यासारखं फासतात.

टाचणी:
हे मात्र शंभर टक्के. सकाळीच लावत असाल तर निदान वाळेपर्यंत शर्ट चढवू नका. आणि घामेजलेला शर्ट धुण्याच्या टोपलीत आठवडाभर कोंबून ठेवायचा नाही. त्या दिवशी धुणं जमत नसेल तर काख नळाखाली धरून पिळा आणि दोरीवर टाका.