'फ्रेंड्स'च्या आधीचे सहा जण

उशिरा_जागी:
'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेची माझी चार पारायणं झालीत. संवाद पाठ आहेत, उगाच नाही सांगत. गेल्या आठवड्यात 'लिव्हिंग सिंगल' ही मालिका हाती लागली आणि दुसऱ्याच भागात थबकले. ब्रुकलिनमधले सहा कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणी, एकमेकांच्या घरात कायम मुक्काम, तेच टोमणे, तेच जमणं-मोडणं. ही सुरू झाली ऑगस्ट १९९३ मध्ये, 'फ्रेंड्स' सप्टेंबर १९९४ मध्ये. दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्याच. मग इतक्या वर्षांत हिचं नावही कानावर कसं आलं नाही? आणखी काय काय असंच निसटलंय?

काकदृष्टी:
चोरी वगैरे म्हणू नका हं. चार टाळकी सोफ्यावर बसवायची कल्पना कुणाच्या बापाची नाही. पण उपेक्षेचं म्हणाल तर मान्य.

जुना_अँटेना:
निसटलेलं विचारताय, तर सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा हाफटाइम, मध्यंतरातला कार्यक्रम घ्या. जानेवारी १९९२ मध्ये तिथे गायिका ग्लोरिया एस्टेफान होती खरी, पण सोबत हिवाळ्याची आरास आणि स्केटिंगवाले. एकूण प्रकार शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा. सामना सीबीएस चॅनलवर होता. फॉक्स या दुसऱ्या चॅनलनं नेमक्या त्याच वेळी 'इन लिव्हिंग कलर'चा खास भाग थेट दाखवला. कीनन आयव्हरी वेयन्सचा हा विनोदी कार्यक्रम, बहुतेक कलाकार कृष्णवर्णीय. वर पडद्यावर घड्याळ लावलेलं, म्हणजे सामना पुन्हा कधी सुरू होणार याची प्रेक्षकाला चिंता नको! (या आगाऊपणाला माझा सलाम.) दोन कोटींहून जास्त लोकांनी चॅनल बदललं. एनएफएलला, म्हणजे सामना भरवणाऱ्या फुटबॉल लीगला घाम फुटला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मायकल जॅक्सनला मैदानात उतरवलं. आज हाफटाइमला बडे गायक असतात, त्याचं एक मूळ इथे आहे.
आणि त्या कार्यक्रमात 'फ्लाय गर्ल्स' नाचायच्या ना, त्यांच्यात जेनिफर लोपेझ होती. २०२० मध्ये शकिराबरोबर हाफटाइमला नाचली, तीच.

भिंगवाली:
सगळंच कौतुकाचं नव्हतं. 'गुड टाइम्स' (१९७४) शिकागोतल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची मालिका. थोरल्या मुलाचा, जे.जे.चा 'डायनामाइट!' हा आरोळीवजा शब्द लोकांनी असा उचलला की मालिका त्याच्याच माकडचेष्टांवर चालायला लागली. आईचं काम करणारी एस्थर रोल आणि वडिलांचं काम करणारे जॉन एमस दोघंही यावर नाराज. तिसऱ्या हंगामानंतर एमसना काढलं आणि कथेत वडील अपघातात मारले. रोल नंतर सोडून गेली, शेवटच्या हंगामाला परतली. शब्द गाजला, पण आईवडिलांच्या भूमिकेचं वजन गेलं.

उशिरा_जागी:
लोपेझचं वाचून उडालेच! @भिंगवाली, 'गुड टाइम्स' आजच लावणार होते. वडील मरतात हे सांगून टाकलंत, त्याबद्दल तीव्र निषेध.