मदत हवी आहे : नदीच्या पाण्याची नोंद गावाने ठेवायची, पण कुणाच्या नावाने?

नमस्कार मंडळी,

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात नाग आणि कन्हान नद्यांच्या काठच्या गावांत काम करणाऱ्या एका लहान गटात मी पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. गावकऱ्यांनीच दर महिन्याला नदीचं पाणी तपासायचं आणि वहीत नोंद ठेवायची, असं बैठकांमध्ये ठरत आलंय. ही नोंद कुणाच्या नावाने असावी आणि कितपत उघड करावी, इथे आम्ही अडलो आहोत.

बाहेरच्यांसाठी थोडा भूगोल सांगते. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली नाग अंबाझरी तलाव करून नागपूर शहरात शिरते आणि शहराचं सांडपाणी घेऊन पूर्वेला कन्हानकडे जाते. कन्हान पुढे अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि गोसेखुर्द धरणाचं तुंबलेलं पाणी तिथवर येतं. उन्हाळ्यात मूळ प्रवाह आटतो, मग नागेत उरतं ते बहुतेक शहराचंच पाणी. पावसाळ्यात उलटं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला. शहरातल्या घरांचे हाल सगळ्यांनी पाहिले. पण ते पाणी शहरातून उतरतं ते आमच्याच बाजूला. मोठी उघडीप आणि मग एकदम कोसळणारा पाऊस हे असंच वाढत गेलं, तर नदीकाठच्या गावांना दोन्ही टोकं सोसावी लागतील. म्हणून नोंद आताच सुरू व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या बैठकीत एक आजोबा म्हणाले, “पाणी तपासून का होते जी? काळं आहे हे तं बकरीलेही समजते.” त्यांचं बरोबरच आहे. पण काळं पाणी कधीपासून, कोणत्या महिन्यात किती, हे कागदावर नसलं तर दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

खरी अडचण वेगळी आहे. काठावरचे ढिवर बांधव याच पाण्यात जाळं टाकतात, काही शेतकरी याच पाण्यावर भाजीपाला घेतात. एका ताईंनी मला सरळ विचारलं, “तुम्ही पेपरात द्याल, मंग आमची मासोळी कोण घेईन?” मला उत्तर देता आलं नाही. पाणी खराब केलं शहराने, आणि ते खराब आहे असं सिद्ध झालं की भाव पडणार या लोकांचा. नोंद ठेवणाऱ्यावरच ती उलटणार असेल, तर ती ठेवा असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि लपवली तर उपयोग काय? मिरचीच्या सातऱ्यावर (मिरचीचे देठ खुडतात त्या जागी) जाणाऱ्या बाया दिवसभराची मजुरी करून संध्याकाळच्या बैठकीला येतात. त्यांच्या वेळेची किंमत मला ठाऊक आहे.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : पाणी-प्रयोगशाळेत काम केलेला एक सदस्य

ताई, तपासणीपुरतं सांगतो. जागा आणि वेळ ठरवून घ्या आणि बदलू नका. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, दुपारी शेवाळामुळे वाढतो. एका महिन्यात सकाळी आणि दुसऱ्यात दुपारी मोजलं तर आकड्यांना अर्थ राहत नाही. सामू (पीएच), तापमान, प्राणवायू, वास, रंग, आदल्या दोन दिवसांचा पाऊस आणि एकाच कोनातून काढलेला फोटो, एवढं गावात जमतं. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आहे, त्याच्याशी ताडून पाहा. बीओडी मात्र प्रयोगशाळेतच, आणि नमुना बर्फात ठेवून. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्यांच्या केंद्रांवरचे मासिक निकाल प्रसिद्ध करतं, त्यांच्या शेजारी तुमचे मांडत जा.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये मंडळाने नमुना कसा घ्यायचा हे ठरवून दिलंय, आणि तसा न घेतलेला नमुना खटल्यात पुरावा ठरत नाही. तुमची वही मंडळाला तपासायला भाग पाडण्यासाठी आहे. ते काम ती चांगलं करते.

प्रतिसाद : वैनगंगेकाठची एक सदस्या

नोंद तुमच्या संस्थेच्या नावाने अजिबात ठेवू नका. संस्थेचा निधी संपला की वही कपाटात जाते. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बऱ्याच गावांत ती कागदावरच असते, ती जागी करा, ढिवर बांधवांना तिच्यात घ्या आणि ग्रामसभेचा ठराव करून वही तिच्या ताब्यात द्या. तक्रार करायची झाली तर जल कायद्याच्या कलम ४९ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक न्यायालयात जाऊ शकतो.

मासोळीच्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत आहे. नमुने गावाच्या घाटावर घेऊच नका. नाग तालुक्यात शिरते तिथे घ्या, आणि कन्हानला मिळण्याच्या वर व खाली घ्या. मग कागदावर ‘अमुक गावाचं पाणी’ असं येणार नाही, शहराकडून काय आलं तेच येईल. आणि काय छापायचं, ते मासे विकणाऱ्यांना विचारून ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. घाटाऐवजी हद्दीवर नमुना घेण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या बैठकीत त्या ताईंसमोरच मांडते. प्राणवायू मोजण्यासाठी गावात टिकेल असं किट कोणतं घ्यावं, आणि अशा ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल, तर इथेच टाका. ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी तो सरपंचताईंना दाखवायचा आहे.