'द्विवार्षिक' की 'द्विवर्षायू'?

गुहागर : इंग्लंडातल्या भावाने फॉक्सग्लव्ह या फुलझाडाच्या बिया पाठवल्यात. पाकिटावर 'हार्डी बायेनिअल'. त्याने त्याचं मराठी केलंय 'काटक, द्विवार्षिक'. म्हणजे दर दोन वर्षांनी फुलणार का?

देवरूख : द्विवार्षिक असतं अधिवेशन, दोन वर्षांनी पुन्हा भरणारं. हे झाड पहिल्या वर्षी मुळ्यासारखी भुईलगत पानं काढतं, दुसऱ्या वर्षी पुरुषभर दांडा, त्याला एकाच अंगाला लोंबणारी जांभळट फुलं, आत ठिपके. बी धरलं की संपलं. आयुष्यच दोन वर्षांचं, म्हणून द्विवर्षायू. वर्षायू, बहुवर्षायू यांच्याच पंगतीतला शब्द.

दापोली : आंबेवाल्यांचा तिसरा अर्थ राहिला! हापूस एका साली लगडतो, दुसऱ्या साली रुसतो. इंग्रजीत त्यालाही बायेनिअलच म्हणतात. आपण म्हणतो 'वर्षाआड धरतो'. याच खोडीला उतारा म्हणून इथल्या कृषी विद्यापीठाने नीलम-हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला. त्यांच्या एका शब्दाला आपले तीन, आणि तिन्ही वेगळे.

मालवण : आमच्याकडे द्विवर्षायू कोण म्हणणा नाय. 'यंदा पाना, फुडल्या वर्सा फुला' इतक्यात भागता.

देवरूख : मालवणकरांचं बरोबर, पण पाकिटावर ते मावायचं कसं? माझी हरकत 'काटक'वर आहे. विलायती 'हार्डी' म्हणजे हिमात तगणारं. आपल्याकडे काटक म्हणजे तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊन उभं राहणारं. इथे 'हिमसह' म्हणा. शिवाय हे झाड थंडीचा कडाका भोगल्याशिवाय सहसा दांडा काढत नाही. गुहागरात पानंच बघत बसाल.

गुहागर : तरी पेरून बघते. एखादं देशी नाव आहे का?

देवरूख : 'तिलपुष्पी' म्हणतात. तिळाचं फूल आठवा, तसंच नळीदार. बी खसखशीहून बारीक, वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो. पण पानं जपा. हृदयाच्या औषधासाठी ती १७८५ पासून वैद्यकात नावाजलेली आहेत, पण अख्खं झाड विषारी. इंग्लंडातही कॉम्फ्रे ही दुसरी वनस्पती समजून पानं खाणाऱ्यांना विषबाधा झालीय. पावसाळ्यात टाकळा-कुर्डू खुडणारा हात आपल्याकडे घरोघरी!

गुहागर : कुंडीवर 'तिलपुष्पी, द्विवर्षायू, हिमसह' लिहिलं. आईने ते वाचलं, खडू मागितला आणि खाली लिहिलं, 'भाजी नव्हे'.