गेल्या दहा वर्षांतल्या तंत्रज्ञानाने संकटाच्या वेळी कोकणाला नेमके काय दिले?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

गेल्या दहा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या बहुतेक लेखांत दोन रकाने असतात. एकीकडे स्वस्त इंटरनेट, यूपीआय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, तर दुसरीकडे कोरोना, युक्रेन, गाझा आणि तुर्कस्तानचा भूकंप. या दोन रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. मला ते कोकणापुरते तपासायचे आहे, कारण आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येऊन थडकल्या.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्यानंतर महिनाभराने जिओ सुरू झाले आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत, ज्या वाड्यांवर टेलिफोनची तारही कधी पोहोचली नव्हती, तिथल्या माणसांच्या हाती इंटरनेट आले. म्हणजे त्यापुढच्या सगळ्या आपत्ती आपण हातात फोन असताना सोसल्या आहेत. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, आणि ती वाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हती.

माझे म्हणणे असे आहे की, या दशकात सामान्य माणसाच्या हाती आलेले जवळजवळ प्रत्येक साधन वीज आणि टॉवर यांवर चालते, आणि कोकणातल्या आपत्तीत सर्वांत आधी जातात ते वीज आणि टॉवरच. चिपळुणात पहाटे पाणी चढू लागले आणि थोड्याच वेळात फोन मुके झाले. मुंबई-पुण्यातले नातेवाईक आमची बाजारपेठ दूरचित्रवाणीवर पाहत होते, पण गच्चीवर अडकलेल्या आम्हाला पाणी अजून किती चढणार आहे हे सांगणारे कोणी नव्हते. महाबळेश्वरला त्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे. तेच पाणी सावित्रीने महाडला आणले. पाऊस मोजला गेला, परंतु त्या आकड्याचा महाडच्या माणसाला वेळेत काय उपयोग झाला? तळियेची बातमी बाहेर यायलाच कित्येक तास गेले आणि मदत पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यांची दृश्ये तासाभरात आपल्या हातात होती. जगाचे दुःख पाहण्याची आपली क्षमता शंभर पटींनी वाढली आहे. स्वतःच्या वाडीतले दुःख टाळण्याची क्षमता तितक्या प्रमाणात वाढली आहे, असे मला दिसत नाही. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

हर्णै बंदर

वाशिष्ठीकाठ, तुमची यादी डोंगर आणि नदी यांची आहे. तीत समुद्र जवळजवळ नाही, म्हणूनच तुमचा निष्कर्ष एकांगी झाला आहे असे मला वाटते.

११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाची आठवण किनाऱ्यावर ज्यांना आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. भर हंगामात होड्या खोल समुद्रात होत्या, वाऱ्याने रूप पालटले आणि रत्नागिरी जिल्ह्यातली कित्येक माणसे परत आली नाहीत. त्यांतल्या अनेकांचे देहसुद्धा मिळाले नाहीत. त्यानंतर अकरा वर्षांनी निसर्ग आले, तेव्हा वादळ कुठे आणि साधारण कधी धडकणार हे आम्हाला दोन दिवस आधी कळले होते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता, होड्या खाडीत ओढून घेतल्या होत्या आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्या रिकाम्या केल्या होत्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हाही तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) फोनवर आणि वायरलेसवर बोलावून घेतले गेले. ओडिशाकडे पाहिले तर हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१९ च्या फणीच्या वेळी बारा लाख माणसे आधीच हलवली गेली आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

तुम्ही फोनलाच तंत्रज्ञान समजत आहात, इथेच माझा मुख्य मतभेद आहे. वादळाचा अंदाज उपग्रह, डॉप्लर रडार आणि संगणकावर चालणारी हवामानाची गणिते यांतून येतो, आणि त्यांतले काहीही आपल्या गावातल्या टॉवरवर अवलंबून नसते. फोन हा त्या साखळीतला शेवटचा दुवा आहे. तो तुटला म्हणून अख्खी साखळीच निकामी ठरवणे हा माझ्या मते अन्याय आहे.

रोठा (श्रीवर्धन)

हर्णै बंदर यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. निसर्गाच्या वेळी माणसे वाचली, आणि ती अंदाजामुळेच वाचली. परंतु आमच्या बागा वाचल्या नाहीत आणि त्या वाचणे शक्यही नव्हते. सुपारीचे झाड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. आजोबांच्या हातची झाडे एका दुपारी आडवी झाली. त्यानंतर आमच्या भागात कित्येक आठवडे वीज नव्हती. पंचनाम्याचे फोटो मोबाइलवर निघाले, परंतु सुरुवातीला भरपाई ठरली ती हेक्टरच्या मापाने. इथल्या बागा गुंठ्यांत मोजल्या जातात आणि एकेका सातबाऱ्यावर चुलत्यांची दहा-दहा नावे असतात. हे मंत्रालयात कोणाला तरी समजावे लागले, तेव्हा कुठे सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि माडाला २५० रुपये असा दर आला. एका झाडामागे ५० रुपये! उपग्रहाला वादळाचा डोळा दिसतो, परंतु कोकणातली जमीन कशी विभागलेली आहे हे शासनाच्या नियमांना दिसत नाही, आणि त्या बाबतीत या दशकात काही सुधारल्याचे मला जाणवलेले नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

हर्णै बंदर, तौक्तेचा उल्लेख तुम्हीच केला आहे, म्हणून विचारतो. त्याच तौक्तेत, १७ मे २०२१ ला, मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. तो आणि वरप्रदा ही टगबोट मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. इशारा तुमच्या तांडेलांना मिळाला तसा तिथेही मिळाला होता. उपग्रह तोच होता, रडार तेच होते. मग फरक कुठे पडला? तुमच्याकडे परत फिरण्याचा निर्णय तांडेल घेतो आणि तो स्वतः होडीत असतो. ज्यांचा निर्णय किनाऱ्यावरच्या कार्यालयात होतो, त्यांच्यासाठी तोच अंदाज एक कागद ठरतो. म्हणून समुद्रावरच्या यशाचे श्रेय यंत्राला जितके द्याल, त्याहून अधिक मी तुमच्या बंदरातल्या व्यवस्थेला देईन.

सातासमुद्रांवर

मूळ रत्नागिरी तालुक्यातला. वीसहून अधिक वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी करतो. ही चर्चा किनाऱ्यावरच थांबली आहे. कोकणातल्या हजारो घरांची चूल परदेशी जहाजांवर पेटते, तेव्हा जगातल्या शोकांतिका आमच्याकडे केवळ पडद्यावर येत नाहीत, हेही नोंदवले जावे असे वाटते.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि त्यानंतर बंदरे आमच्यासाठी बंद झाली. जहाजे थांबली नाहीत, कारण तेल, धान्य आणि औषधे जगाला हवी होती. थांबली ती माणसांची अदलाबदल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, आणि नियमाने अकरा महिन्यांची मर्यादा असताना काहींचे सतरा महिने उलटले होते. त्या काळात मी घरच्यांचे चेहरे पाहू शकलो ते जहाजावरच्या मोजक्या इंटरनेटमुळे. वडिलांचे अंत्यदर्शन मी फोनच्या पडद्यावर घेतले. त्याची कोणती किंमत लावायची हे मला सांगता येणार नाही, परंतु माझ्या वडिलांची पिढी आखातात होती तेव्हा मृत्यूची बातमी पत्राने महिनाभराने येत असे, आणि मला त्या काळात परत जायचे नाही. आज खलाशाला जहाजावर इंटरनेट मिळावे ही तरतूद आंतरराष्ट्रीय करारात आली असून ती डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. जमिनीवरच्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल, पण आमच्यासाठी ती तशी नाही.

आता दुसरी बाजू सांगतो, आणि ती वाशिष्ठीकाठ यांच्या मुद्द्यापेक्षाही गंभीर आहे. ते म्हणतात की यंत्र ऐनवेळी बंद पडते. माझा अनुभव असा की यंत्र चालू राहते आणि खोटे बोलते. काळ्या समुद्रात आणि आखातात उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम गोंधळ घातला जातो, आणि नकाशावर आपले जहाज भलतीकडेच, कधी कधी तर जमिनीवर दिसते. १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात गॅलक्सी लीडर हे जहाज येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी ताब्यात घेतले आणि त्यावरच्या पंचवीस जणांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर क्षेपणास्त्र पडले आणि तीन खलाशी गेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने वाचवले. जहाजांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून प्रत्येक जहाज आपली जागा सतत प्रक्षेपित करत असते. तीच माहिती हल्ला करणाऱ्यालाही मिळते, म्हणून धोक्याच्या पट्ट्यात ती यंत्रणा बंद करावी की चालू ठेवावी, हा प्रश्न कॅप्टनसमोर उभा राहतो. टॉवर पडला तर तो पुन्हा उभारता येतो. ज्या साधनावर विश्वास ठेवून आपण वागतो त्यावरचाच विश्वास गेला, तर काय करायचे?

मास्तर (वेंगुर्ले)

सातासमुद्रांवर यांनी खोटे बोलणाऱ्या यंत्राविषयी लिहिले, त्याला जमिनीवरचा दाखला जोडतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठेचून मारले. त्या दिवसांत आमच्याकडेही त्याच अफवा फिरत होत्या आणि दारोदार फिरणाऱ्या फिरस्त्यांकडे लोक संशयाने पाहू लागले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढच्या वर्षी १५ मार्चला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला ५१ माणसांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याचा काही भाग फेसबुकवर थेट दाखवला गेला, आणि पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती कंपनीला काढाव्या लागल्या. म्हणजे या दशकातल्या काही शोकांतिकांत यंत्र मदतीला अपुरे पडले असे म्हणून भागणार नाही; काहींत ते घडण्याचाच भाग होते.

दापोलीकर

मास्तर, आपले दाखले खरे आहेत, तरी सगळी चर्चा निराशेकडे चालली आहे म्हणून एवढेच लिहिते. मी आरोग्य खात्यात आहे. कोरोना विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले. पूर्वी लस तयार व्हायला कित्येक वर्षे लागत. आमच्या केंद्रावर मे २०२१ मध्ये नोंदणीचा त्रास जरूर झाला. रेंज नसल्याने वाडीतल्या मुलांना नोंदणी करता येत नव्हती आणि शहरातले लोक त्यांच्या जागा धरून गाड्यांनी येत होते. पण तो दोष नोंदणीच्या नियमाचा होता. नियम बदलला, थेट केंद्रावर नोंदणी सुरू झाली आणि त्याच वाडीतली तरुण मुले चालत येऊन लस घेऊन गेली. ज्या लसीने त्यांना वाचवले तीही तंत्रज्ञानच आहे, हे कृपया विसरू नये.

गोवळकोट रोड

मी चिपळूणचाच. पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखली गेली, म्हणजे पाणी कुठवर येऊ शकते ते सांगणारे तंत्रज्ञान आपल्याकडे होते. आपण काय केले? बांधकामे अडतील म्हणून त्या रेषांना गावाने विरोध केला. रेषा आखण्यात चुका असतील, त्या दुरुस्त करून घ्यायला हव्यात. परंतु नकाशा नकोच, आणि पूर आल्यावर आधी सांगितले का नाही, ही दोन्ही वाक्ये आपल्याला एकाच तोंडाने म्हणता येणार नाहीत. त्या मानाने वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी गावाने उपोषण केले ते योग्य झाले, आणि त्यानंतर नदीत उतरलेल्या पोकलेनने आपल्याला जे दिले ते कुठल्याही ॲपने दिलेले नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पूररेषेबाबत गोवळकोट रोड यांच्याशी माझा वाद नाही. रेषा असाव्यात आणि त्या पाळल्या जाव्यात, असे मी तेव्हाही गावात म्हणत होतो. दापोलीकर ताईंच्या लसीच्या मुद्द्यालाही उत्तर नाही आणि ते शोधण्याची इच्छाही नाही. माझा रोख शेवटच्या मैलावर आहे आणि तो कायम आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आपत्तीच्या इशाऱ्याचे चाचणी संदेश सर्वांच्या फोनवर मोठ्या आवाजात वाजले. ते चांगलेच आहे, परंतु तेही टॉवरवरूनच येतात. म्हणून माझी मागणी अशी की, नदीकाठच्या प्रत्येक बाजारपेठेत आणि डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत सौरऊर्जेवर आणि बॅटरीवर चालणारा भोंगा असावा, आणि वाडीत पर्जन्यमापक असावा, जो वाचायला इंटरनेट लागणार नाही. हे साठ वर्षांपूर्वीचे तंत्रज्ञान आहे आणि या दशकात आपण त्याच्याकडे पाठ फिरवली.

हर्णै बंदर

भोंग्याला माझा विरोध नाही, तुमच्या अर्जावर सहीसुद्धा करेन. पण अर्ज लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर अर्जातच घाला. आमच्याकडे होडी बाहेर असेपर्यंत वायरलेसपाशी कोणीतरी बसलेला असतो. बंदरातल्या सगळ्यांना ते नाव ठाऊक असते आणि त्याची पाळी संपली की दुसरा येतो. जुलैच्या रात्री तीन वाजता, दोनशे मिलिमीटर पाऊस झालेला असताना, डोंगराखालच्या वाडीत पर्जन्यमापक वाचायला कोण उठणार आहे? आणि तहसीलदारांचा आदेश नसताना भोंगा वाजवला, लोक घरे सोडून शाळेत जाऊन बसले आणि दरड आलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या पाठीशी कोण उभे राहणार? पाच वेळा फुकट उठवले म्हणून सहाव्या वेळी लोक उठले नाहीत, तर काय? समुद्रावर आम्हीही कित्येकदा इशारा मिळाल्यावर रिकाम्या हाताने परत आलो आहोत. डिझेलचा खर्च अंगावर पडला, वादळ दुसरीकडे वळले, तरी पुढच्या बावट्याला पुन्हा फिरलो, कारण फयानमध्ये गेलेल्यांची घरे आमच्या शेजारी आहेत. तळिये आणि इर्शाळवाडीच्या आसपासच्या वाड्यांत आज ही तयारी आहे का, हे तिथल्या कोणी इथे लिहिले तर भोंगा कुठे बसवायचा हे ठरवणे सोपे जाईल.