‘ॲनिमल फार्म’ पहिल्यांदा वाचताना: रशियाचा इतिहास आधी की नंतर?

रानजाई
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ घेतोय. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलतात आणि मग सत्ता डुकरांच्या हाती जाते, अशी ही रशियन क्रांतीवरची रूपककथा. बहुतेकांचं हे पहिलंच वाचन. पुस्तक लहान आहे, दहाच प्रकरणं, त्यामुळे एका बैठकीत उरकेल असा सगळ्यांचा अंदाज. रशियन क्रांतीची माहिती आधी द्यावी का? नवा वाचक कुठे हमखास काहीतरी सोडून पुढे जातो? आणि चर्चा ‘नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की’ एवढ्यावर आटपू नये म्हणून काय करता येईल?

खडूफळा
इतिहास आधी अजिबात देऊ नका. तक्ता हातात असला की लोक प्राण्यांकडे बघतच नाहीत, नुसत्या जोड्या लावत सुटतात. आणि एका बैठकीत उरकू नका. पहिली पाच प्रकरणं एकदा, उरलेली पाच दुसऱ्यांदा. पाचव्याच्या शेवटी स्नोबॉलला हाकललं जातं आणि रविवारच्या सभा बंद होतात. थांबायला तीच जागा योग्य.

प्रत्येकाने एक कागद जवळ ठेवावा. दुसऱ्या प्रकरणात कोठाराच्या भिंतीवर सात आज्ञा रंगवल्या जातात, त्या जशाच्या तशा उतरवून घ्या. पुढे एखादी आज्ञा बदललेली दिसली की तिच्यासमोर प्रकरणाचा क्रमांक आणि नवं शेपूट लिहा. सहाव्यात बिछान्याच्या आज्ञेला चादरींची अट लागते, आठव्याच्या सुरुवातीला ठार मारण्याच्या आज्ञेत ‘विनाकारण’ घुसतं, त्याच प्रकरणाच्या शेवटी दारूच्या आज्ञेत ‘अति’ येतं. कागद नसेल तर वाचकाचंही कथेतल्या क्लोव्हर घोडीसारखंच होतं: आधी असं नव्हतं असं वाटत राहतं, पण नक्की काय होतं ते आठवत नाही. ऑर्वेलने वाचकाला मुद्दाम तिच्या जागी उभं केलंय, आणि तो अनुभव कागद तपासताना अंगावर येतो.

सर्वांत जास्त निसटणारी जागा म्हणजे दुसऱ्या प्रकरणाचा शेवट. गाईंचं पाच बादल्या दूध काढलेलं असतं, सगळे गवत कापायला जातात, संध्याकाळी परततात तर दूध गायब. बस, एवढंच. तिसऱ्या प्रकरणात कळतं की ते रोज डुकरांच्या खाण्यात मिसळलं जातं, आणि गळालेली सफरचंदंही त्यांनाच. इथे चर्चा थांबवा आणि एक ओळ मोठ्याने वाचून घ्या: या बाबतीत नेपोलियन आणि स्नोबॉल यांचंही एकमत होतं. ‘स्नोबॉल राहिला असता तर सगळं ठीक झालं असतं’ असं म्हणणाऱ्यांना ही ओळ दाखवायलाच हवी. ऑर्वेलने 1946 च्या एका पत्रात दूध आणि सफरचंदं हाच कथेचा निर्णायक क्षण असल्याचं लिहिलंय, आणि त्याला 1921 च्या क्रॉनश्टाटच्या उठावाचा (बोल्शेविक सरकारविरुद्ध खलाशांनी केलेल्या बंडाचा) संदर्भ दिलाय.

शोधपाखरू
खडूफळा यांच्याशी सहमत. इतिहास दुसऱ्या वाचनाला द्या, आणि व्यक्तींऐवजी घटनांवरून. सातव्या प्रकरणातल्या कोंबड्या घ्या. आठवड्याला 400 अंड्यांचा करार होतो, त्या वर चढून अंडी खाली टाकून फोडतात, नेपोलियन त्यांचा दाणापाणी तोडतो, पाच दिवसांत नऊ कोंबड्या मरतात. सामुदायिक शेतीची सक्ती झाली तेव्हा रशियातल्या शेतकऱ्यांनी आपली गुरं स्वतःच कापली होती, ते इथे सांगा. त्याच प्रकरणातले कबुलीजबाब म्हणजे 1936 ते 1938 चे मॉस्को खटले, ज्यांत स्टालिनच्या विरोधकांकडून खोटे कबुलीजबाब घेतले गेले. आठव्यातला लाकडाचा सौदा आणि शेजारच्या शेताचा मालक फ्रेडरिक याच्या खोट्या नोटा म्हणजे ऑगस्ट 1939 चा जर्मनीशी करार आणि त्यानंतरचा विश्वासघात. शेवटचा डुकरं आणि माणसं यांच्यातला पत्त्यांचा डाव 1943 च्या तेहरान परिषदेवरून (स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्या भेटीवरून) आलाय.

जोड्या कुठे बसत नाहीत तेही आवर्जून दाखवा. लेनिनसाठी वेगळं पात्रच नाही; उठावाचं स्वप्न दाखवणाऱ्या म्हाताऱ्या मेजर डुकरामध्ये मार्क्स आणि लेनिन दोघांच्या छटा आहेत. बेंजामिन गाढवासमोर एकच नाव लिहायचा हट्ट धरला तर ते पात्र हातचं जातं. वाचता येणारा, सगळं समजणारा आणि गप्प बसणारा तो कुठल्याही देशात सापडतो.

आणि पुस्तक म्हणजे स्टालिनवर उगवलेला नुसता सूड नाही याचा एक पुरावा. प्राण्यांनी बांधलेली पवनचक्की स्फोटाने उडवली जाते तेव्हा नेपोलियन सोडून बाकी सगळे जमिनीवर पालथे पडतात. मूळ मजकुरात नेपोलियनही पडत होता. जर्मन फौजा जवळ आल्या तरी स्टालिन मॉस्कोतच राहिला होता, म्हणून मार्च 1945 मध्ये, छपाईआधी, ऑर्वेलने ते वाक्य बदलून घेतलं. पुस्तक ऑगस्ट 1945 मध्ये आलं.

रानजाई
कागदाची कल्पना नक्की वापरणार. प्रत कोणती घ्यावी? आणि आधी चित्रपट दाखवला तर चालेल का?

सांजवारा
1954 चा कार्टूनपट आधी नको. त्याचा शेवट बदललाय: प्राणी डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करतात. पुस्तकात असं काही होत नाही, आणि पैसा अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा होता. पुस्तक झाल्यावर दाखवलात तर शेवट का बदलला असेल यावर तासभर बोलता येईल.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. ऑर्वेल जानेवारी 1950 मध्ये गेला, म्हणजे 2011 पासून इथे पुस्तक मुक्त आहे. त्यामुळे स्वस्त इंग्रजी प्रती आणि मराठी अनुवाद भरपूर, पण संक्षिप्त आवृत्त्याही तेवढ्याच. विकत घेण्याआधी दोन जागा तपासा. प्रकरणं दहा आहेत का? आणि नवव्यात घोड्याच्या पेन्शनचा तपशील आहे का: बाराव्या वर्षी निवृत्ती, रोज पाच पौंड धान्य, हिवाळ्यात पंधरा पौंड गवत, सणासुदीला एक गाजर. संक्षेप करणारे असले आकडे आधी उडवतात. पण बॉक्सर घोडा त्या पेन्शनच्या जवळ येऊन पोचलेला असतो, म्हणून तर त्याला न्यायला आलेल्या गाडीवर काय लिहिलंय ते बेंजामिन वाचून दाखवतो तेव्हा वाचक हादरतो. आकडे नसतील तर ती प्रत परत ठेवा.